हयातीचा दाखला

माणूस जिवंत असताना त्याच्या खुनाचा आरोप दुसऱ्यावर येणं, ही गोष्ट इटलीतच घडू जाणे. आपल्याकडे सहसा याच्या उलट घडतं. म्हणजे माणूस चांगला धडधाकट काउंटरसमोर उभा असतो, दोन्ही वेळा जेवत असतो, आणि कागद सांगत असतो की तो वारला. पण त्याविषयी पुढे. आधी इटलीचं सांगतो.

१९८० साली रुज्जेरो देओदातो नावाच्या एका इटालियन दिग्दर्शकाने एक चित्रपट काढला. त्यात चार तरुण मंडळी शेवटी मरतात. चित्रपटात मंडळी मरायचीच. नाहीतर तिकिटाचे पैसे कशाला द्यायचे? पण पुढच्याच वर्षी त्या दिग्दर्शकासमोर कायदा उभा राहिला आणि म्हणाला, 'ही चौघं तुम्ही खरोखरच मारलीत की काय? मारली नसतील तर दाखवा, कुठे आहेत ती?' आणि खरी गंमत म्हणजे ती चौघं कुठेच दिसू नयेत, याची कायदेशीर तजवीज दिग्दर्शकाने स्वतःच, कागदावर सह्या घेऊन करून ठेवली होती!

चित्रपटाचं नाव 'कॅनिबल होलोकॉस्ट'. मराठीत म्हणायचं तर 'नरभक्षक-संहार'. आता या समासाचा विग्रह 'नरभक्षकांचा संहार' असा करायचा की 'नरभक्षकांनी केलेला संहार' असा, हे मला शाळेतल्या मराठीच्या बाईंना विचारावंसं वाटलं. परंतु या विषयावर त्यांच्याशी बोलण्याची छाती मला या वयातही नाही. शिवाय चित्रपटाचं सगळं मर्म त्या विग्रहातच आहे. नरभक्षक नेमके कोण, हाच त्यातला प्रश्न.

चित्रपट मी पाहिला, असं म्हणवत नाही. निम्मा बोटांच्या फटींतून पाहिला आणि उरलेल्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो. मला खरा रस त्याच्या जमाखर्चात. मी बी.कॉम. आणि त्यातून बँकेतला कारकून. लोक 'ताजमहाल' पाहून चंद्रप्रकाशाविषयी बोलतात. मला संगमरवराची बिलं कुणी पास केली, हा प्रश्न पडतो. एके रात्री उशिरापर्यंत या चित्रपटाचा इतिहास वाचत बसलो होतो, तर आमच्या सौ.नी विचारलं, "अहो, काय एवढं वाचताय?"

म्हटलं, "युरोपचा इतिहास."

"वाचा. पण झोपण्यापूर्वी दुधाच्या पिशव्या फ्रिजमध्ये टाका."

तर हा युरोपचा इतिहासच आहे. फक्त त्यात नेपोलियन नाही, एवढंच.

त्या काळी इटलीत चित्रपट काढण्याची एक रीत होती. तिला ते 'फिलोने' म्हणत. फिलोने म्हणजे खाणीतली धातूची शीर. एकाला शीर सापडली की उरलेले सगळे कुदळी घेऊन तिथेच खणायला धावायचे, ती पार संपेपर्यंत. आपल्याकडे एखाद्या नाक्यावर एका वडापाववाल्याची गाडी चालली की महिन्याभरात तिथे चार गाड्या उभ्या राहतात आणि प्रत्येकावर 'मूळचे दुकान हेच' अशी पाटी लागते, तसलाच प्रकार. १९५८ साली 'हर्क्युलिस' चालला, तर पुढची काही वर्षं इटलीत दंडात बेडकी असलेला एकही माणूस बेकार राहिला नाही. १९६४ साली सेर्जिओ लिओनेचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' चालला, तर सगळ्यांनी पैलवानांना घरी पाठवून घोडे आणले. १९६२ साली 'मोन्दो काने' नावाचा माहितीपट आला. त्यात जगभरच्या चित्रविचित्र आणि अंगावर काटा आणणाऱ्या चालीरीती दाखवल्या होत्या. काही खऱ्या, काही घडवून आणलेल्या. तोही चालला. मग 'बघा, बघा, जगात काय काय चालतं!' या जातीच्या चित्रपटांचा पूर आला. त्यातूनच पुढे जंगल आणि नरभक्षक यांची शीर सापडली. १९७२ साली उंबेर्तो लेन्झीने थायलंडमध्ये जाऊन पहिली कुदळ मारली. १९७७ साली आपल्या देओदातोने मलेशियात जाऊन 'उल्तिमो मोंदो कान्निबाले' काढला. तो बऱ्यापैकी चालला आणि जर्मनीतल्या वितरकांनी त्याच्याकडे मागणी केली, की असाच आणखी एक काढून द्या.

म्हणजे पाहा, कथा नाही, नट नाहीत, पण गिऱ्हाईक आधीच तयार. अशा चित्रपटांची पैशाची व्यवस्थाही मोठी मासलेवाईक असे. चित्रपट तयार होण्यापूर्वीच वितरक किमान अमुक रक्कम देण्याची हमी द्यायचा. त्या हमीच्या हुंड्या व्हायच्या. निर्माता त्या हुंड्या वटवायचा आणि आलेल्या पैशांतून कॅमेरा भाड्याने आणायचा. म्हणजे चित्रपट ही कला आहे की हुंडीला लावलेलं पुरवणीपत्र आहे, असा प्रश्न आमच्या कर्जविभागातल्या माणसाला पडेल. इटलीत एका मोठ्या बँकेत तर १९३५ पासून चित्रपटांना कर्ज देणारा स्वतंत्र विभागच होता. आमच्या बँकेत म्हशीला कर्ज देताना म्हशीचा विमा, म्हशीच्या कानातला बिल्ला आणि म्हशीसह मालकाचा फोटो लागतो. नरभक्षकांच्या बाबतीत तारण काय घेत असतील, कोण जाणे.

देओदातो मात्र असातसा माणूस नव्हता. १९३९ साली जन्मलेला, रोममध्ये वाढलेला. रोबेर्तो रोस्सेलिनी हे इटालियन चित्रपटातलं फार मोठं नाव. साध्या माणसांचं साधं दुःख, खऱ्या रस्त्यांवर कॅमेरा नेऊन दाखवणारा दिग्दर्शक. त्याच्या मुलाशी देओदातोची दोस्ती आणि त्या ओळखीने त्याने उमेदवारी केली ती थेट रोस्सेलिनीच्याच हाताखाली. पुढे १९६६ च्या 'जँगो'लाही तो सहायक होता. म्हणजे एका गुरूकडे सत्य शिकला आणि दुसऱ्याकडे बंदूक. दोन्हींचा उपयोग त्याने एकाच चित्रपटात केला, ही पुढची गोष्ट.

कल्पना कुठून सुचली, तेही तो सांगत असे. इटलीत ते दिवस मोठे वाईट होते. 'रेड ब्रिगेड्स' नावाची अतिरेकी संघटना बॉम्ब आणि बंदुका घेऊन हिंडत होती. १९७८ च्या मार्चमध्ये त्यांनी माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना पळवलं आणि मेमध्ये रोमच्या एका रस्त्यावर मोटारीत त्यांचं प्रेतच सापडलं. रोज संध्याकाळी टेलिव्हिजनवर रक्त. देओदातोचा लहान मुलगा ते पाहत बसायचा. बापाला वाटलं, हे बातमीवाले बातमी देतात की बातमी शिजवतात? रक्त दिसावं म्हणून कॅमेरा जातो, की कॅमेरा आला म्हणून रक्त सांडतं?

प्रश्न मोलाचा होता. त्यावरून जान्फ्रांको क्लेरिची या लेखकाने पटकथा लिहिली, ती थोडक्यात अशी : माहितीपट काढणारी चार अमेरिकन मंडळी ॲमेझॉनच्या जंगलात जातात आणि बेपत्ता होतात. त्यांना शोधायला एक प्रोफेसर जातो. माणसं सापडत नाहीत. त्यांच्या फिल्मची रिळं मात्र सापडतात. न्यूयॉर्कला आणून ती पडद्यावर लावतात, तेव्हा कळतं की सनसनाटी दृश्यं मिळावीत म्हणून या सुशिक्षित चौकडीने जंगलातल्या माणसांच्या झोपड्या पेटवल्या, त्यांचा अनन्वित छळ केला, आणि मग त्या माणसांनी जे करायचं ते केलं. कॅमेरा शेवटपर्यंत चालूच. प्रोफेसर न्यूयॉर्कच्या रस्त्यावर येतो आणि त्याला तोच आपला समासविग्रहाचा प्रश्न पडतो.

शेवटी पडद्यावर एक ओळ येते. टेलिव्हिजन कंपनीने रिळं जाळायला सांगितली असताना ती लांबवल्याबद्दल प्रोजेक्टर चालवणाऱ्याला दोन महिन्यांची तहकूब शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड झाला. मात्र त्याच रिळांचे त्याला अडीच लाख डॉलर मिळाले होते. माझ्या मते संपूर्ण चित्रपटात हिशेब जाणणारा माणूस हा एकच. दोन लाख चाळीस हजार निव्वळ नफा, आणि तुरुंगात जावं लागलं नाही ते वेगळंच.

आता खुद्द चित्रपटाचा खर्च. तो सर्वसाधारणपणे एक लाख डॉलर सांगतात. १९७९ साली डॉलर आठ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे झाले आठ लाख. आपल्या 'शोले'ला त्याच्या चार वर्षं आधी तीन कोटींच्या आसपास लागले, असं म्हणतात. आठ लाखांत रामगडच्या पाण्याच्या टाकीचं तेवढं भागलं असतं. इथे त्या पैशांत मंडळी रोमहून निघून दक्षिण अमेरिकेत कोलंबियाच्या पार दक्षिण टोकाला लेतिसिया नावाच्या गावी पोचली. हे गाव ॲमेझॉन नदीच्या काठावर. एका अंगाला ब्राझील, समोर पेरू. देशाच्या बाकीच्या भागातून तिथे जायला रस्ता नाही. विमानाने उतरायचं आणि पुढे नावेने जंगलात शिरायचं. वर पाऊस, खाली चिखल, मध्ये डास.

पैसे कमी असले की माणसाची कल्पनाशक्ती वाढते, असं म्हणतात. (आमच्या मॅनेजरसाहेबांचा स्टेशनरीच्या बाबतीत हाच सिद्धान्त आहे.) देओदातोने मोठी युक्ती काढली. बेपत्ता चौकडीची म्हणून जी रिळं दाखवायची, ती त्याने मुद्दाम स्वस्तातल्या १६ मिलिमीटर फिल्मवर घेतली. कॅमेरा खांद्यावर, हलता, धापा टाकणारा. फिल्मवर ओरखडे पाडले. जी गोष्ट दुसऱ्याच्या चित्रपटात गरिबी म्हणून दिसली असती, ती इथे पुरावा म्हणून दिसू लागली. आणि संगीत दिलं रिझ ऑर्तोलानीने. 'मोन्दो काने'तल्या ज्याच्या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, तोच हा. त्याने या भयंकर दृश्यांखाली अशी काही गोड, हळवी सुरावट घातली आहे, की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, एखादं जोडपं बागेत फिरतंय. मी पुष्कळसा चित्रपट डोळे मिटून ऐकला असल्यामुळे हे खात्रीने सांगू शकतो.

नटमंडळीही बिननावाची. प्रोफेसरच्या भूमिकेत रॉबर्ट कर्मन. चौकडीत कार्ल गाब्रिएल यॉर्क, फ्रांचेस्का चार्दी, पेरी पिर्कानेन आणि लुका बार्बारेस्की. यॉर्क न्यूयॉर्कहून आला. त्याने पुढे सांगितलं, की त्याचा मेहनताना आधी कोलंबियाच्या पेसोंमध्ये पुढे करण्यात आला आणि तोही ठरल्यापेक्षा कमी; तेव्हा योग्य ती रक्कम हाती पडेपर्यंत पुढचं काम करायचं त्याने नाकारलं. जंगलात, नरभक्षकांच्या चित्रपटात, विनिमयदरावरून अडून बसणारा हा माणूस मला आमच्या फॉरिन एक्स्चेंज विभागाचा वाटतो. त्याचं चुकलं काहीच नाही.

पण त्याला अडून बसता आलं, हे लक्षात घ्या. तिथल्या जंगलातली जी माणसं नरभक्षक म्हणून उभी केली होती, त्यांना तेही जमण्यासारखं नव्हतं. त्यांना धड मोबदला मिळाला नाही, आणि पेटत्या झोपडीसारख्या दृश्यांत त्यांच्या जिवाची फारशी फिकीर केली गेली नाही, असं पुढे नटांनीच सांगितलं. शिवाय चित्रपटात नाव घेतलं ते यानोमामी लोकांचं. हे लोक खरोखरचे आहेत, ते राहतात दूर ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवर, आणि त्यांचा या सगळ्या भानगडीशी काडीचा संबंध नाही. एखाद्याचं नाव त्याला न विचारता हुंडीवर घातलं तर आमच्याकडे त्याला बनावट सही म्हणतात.

आता त्या कागदाकडे येऊ. रिळं खरीच आहेत असं लोकांना वाटावं, म्हणून चौकडीतल्या नटांकडून करार करून घेतला होता, की चित्रपट लागल्यापासून वर्षभर त्यांनी कुठल्याही चित्रपटात, जाहिरातीत, वर्तमानपत्रात दिसायचं नाही. मेलात ना, मग मेल्यासारखे राहा! जाहिरातीला एक पैसा खर्च नाही आणि परिणाम मात्र पक्का. असा करार आमच्या बँकेने माझ्याशी केला असता, तर मी विनामूल्य सही केली असती.

७ फेब्रुवारी १९८० रोजी मिलानमध्ये चित्रपट लागला. गर्दी लोटली. जेमतेम दहा दिवसांत एका न्यायाधीशाच्या हुकमावरून तो जप्त झाला. आरोप अश्लीलतेचा. इथपर्यंत धंद्यातलं नेहमीचंच. पण १९८१ च्या जानेवारीत 'फोटो' नावाच्या एका फ्रेंच मासिकाने छापलं, की यातले काही मृत्यू खरे असावेत. झालं! आरोपाचं कलम बदललं. अश्लीलतेचा खून झाला.

देओदातो म्हणत राहिला, 'अहो, ती सगळी मंडळी जिवंत आहेत!' 'मग आहेत कुठे? वर्षभरात कुणाला दिसली?' वर्षभर कुणालाही दिसायचं नाही, असं लिहून घेतलेला कागद तर याच्याच खिशात!

हे वाचताना मला नोव्हेंबर महिना आठवला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. हल्ली २०१४ पासून तो दाखला अंगठ्याच्या ठशावर संगणकातूनही मिळतो. पण आमच्या नानांसारख्यांचा काउंटरवर विश्वास आहे. एके वर्षी कुठल्याशा कचेरीतून कागद वर-खाली झाले आणि नाना कागदोपत्री वारले. पेन्शन बंद. नाना काठी टेकत आले.

मी म्हटलं, "नाना, तुम्ही आहात हे मला दिसतंय हो. पण संगणकाला दिसत नाहीये."

"मग त्याला म्हणावं, चष्मा लाव."

"तुम्ही हयात आहात याचं काही लेखी?"

नानांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "गेल्या आठवड्यात सूनबाई बोलली मला, 'अजून किती दिवस' म्हणून. तिची सही चालेल का?"

शेवटी एका राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणून नाना पुन्हा जिवंत झाले.

देओदातोलाही तेच करावं लागलं. त्याने लुका बार्बारेस्कीला गाठलं, त्याच्याकरवी बाकीच्या तिघांना शोधून काढलं आणि करार गुंडाळून ठेवून मंडळींना इटालियन टेलिव्हिजनवर हजर केलं. चौघंही ठणठणीत. त्यांतला बार्बारेस्की तर पुढे २००८ साली इटलीच्या संसदेत निवडून गेला. याहून अधिक हयात माणूस कसा असणार? राहता राहिलं ते एक दृश्य. त्यात एका बाईला उभ्या सुळावर चढवलेलं दिसतं आणि सुळाचं टोक तोंडातून बाहेर आलेलं असतं. हे तरी खोटं कसं? तर लोखंडी खांबाला सायकलची सीट बसवलेली, ती बाई त्या सीटवर बसलेली, आणि तोंडात हलक्या लाकडाचा एक तुकडा आभाळाकडे टोक करून धरलेला! चित्रण आटोपल्यावर तीच बाई मंडळींबरोबर असल्याचे फोटो दाखवले. जगभर थरकाप उडवणाऱ्या त्या दृश्याचा सगळा खर्च म्हणजे एक सायकलची सीट. खुनाचा आरोप रद्द झाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. हसत हसत संपली असती. पण खात्याची दुसरी बाजू अजून लिहायची आहे.

माणसं खोटी मेली होती. जनावरं खरी मेली होती. एक कोआटी, एक मोठं कासव, एक बोआ साप, एक कोळी, एक डुक्कर, आणि माकड. माकडाचा प्रसंग दोनदा घ्यावा लागला; त्यामुळे पडद्यावर माकड एक, हिशेबात दोन. पडद्यावर सहा जीव, प्रत्यक्षात सात. आमच्याकडे असा फरक आला की ताळमेळाचा तक्ता मांडतात आणि फरकाचं कारण समोर लिहितात. इथे कारण काय लिहायचं? 'पहिल्या वेळी दृश्य नीट आलं नाही.'

का मारली? कारण स्वस्त. माणसाचं मरण खोटं दाखवायला सायकलची सीट लागते, डोकं लागतं, वेळ लागतो. कासवाचं मरण खरं दाखवायला फक्त कासव लागतं. कोआटीच्या वेळी प्रोफेसर झालेला कर्मन सेट सोडून निघून गेला. कासवाच्या प्रसंगात काम करणारा पिर्कानेन नंतर रडला, असं सांगतात. पण कॅमेरा चालू राहिला. आणि हा चित्रपट कशावर होता? तर चांगलं दृश्य मिळावं म्हणून मुक्या जिवांना छळणाऱ्या कॅमेरावाल्यांवर! रोस्सेलिनीच्या शिष्याने प्रश्न अगदी बरोबर विचारला होता. फक्त तो विचारताना आपण स्वतः कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला उभे आहोत, हे त्याने पाहिलं नाही.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आमचे सर फळ्यावर मधोमध उभी रेघ मारून सांगत, की या रेघेच्या एका बाजूला काही लिहिलंत तर दुसऱ्या बाजूला लिहिल्यावाचून सुटका नाही. जे तुम्हांला स्वस्त पडलं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडलेलं असतं. तेव्हा आम्ही ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं. एक लाख डॉलरचा हा हिशेब पाहिल्यावर त्याचा खरा अर्थ लागतो. नावेच्या बाजूला ती जंगलातली माणसं आहेत आणि हे सात जीव आहेत. यांतल्या कुणालाही 'आधी डॉलर टाका' असं म्हणता आलं नाही.

जनावरांच्या या हत्येमुळे इटलीत चित्रपटावर बंदी आली. देओदातो, निर्माते, लेखक आणि वितरण कंपनीचा प्रतिनिधी यांना चार-चार महिन्यांची शिक्षा झाली, तीही तहकूब. म्हणजे चित्रपटाच्या शेवटी प्रोजेक्टरवाल्याला जी शिक्षा लिहिली होती, तीच महिन्यांत दुप्पट करून लिहिणाऱ्यांच्याच वाट्याला आली. ती वरच्या कोर्टात जाऊन १९८४ साली रद्द झाली आणि चित्रपट पुन्हा मोकळा झाला.

पण बंदीमुळे धंदा बुडतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी दुकान काढू नये. लेन्झीने १९८१ साली त्याच लेतिसियाच्या आसपास जाऊन 'कॅनिबल फेरॉक्स' काढला. त्याची जाहिरात काय, तर 'एकतीस देशांत बंदी!' इंग्लंडमध्ये याहून बहार झाली. १९८२ साली 'कॅनिबल होलोकॉस्ट'ची व्हिडिओ कॅसेट तिथे आली. तिथे मेरी व्हाइटहाउस नावाच्या बाई चित्रपट-टेलिव्हिजनमधल्या अनीतीविरुद्ध मोहीम चालवत असत. कॅसेट काढणाऱ्या कंपनीने काय करावं? त्या बाईंना निनावी पत्र लिहून स्वतःच्याच कॅसेटविरुद्ध तक्रार केली! बाई खवळतील, पेपरात येईल, खप वाढेल. बाई खवळल्या, पेपरात आलं, आणि आरडाओरडा एवढा वाढला की हा चित्रपट आणि त्याच्यासारखे कित्येक सरकारच्या काळ्या यादीत गेले, दुकानांवर धाडी पडल्या आणि १९८४ साली पार्लमेंटने व्हिडिओंवर कायदाच केला. निनावी अर्जाची ताकद आपल्या सरकारी कचेऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे; पण स्वतःविरुद्ध निनावी अर्ज करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

ती सापडलेल्या रिळांची युक्ती मात्र जगाने उचलली. १९९९ साली अमेरिकेत 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आला. जंगलात हरवलेली तीन पोरं, मागे राहिलेल्या फिती, आणि 'ही पोरं खरोखरच बेपत्ता आहेत' अशी आवई. थोडक्या हजार डॉलरांत काढलेल्या त्या चित्रपटाने कोट्यवधी कमावले. त्यात एकही जनावर मेलं नाही. म्हणजे ते तसंही जमलं असतं. नेमकी हीच गोष्ट मनाला लागते.

देओदातो पुढे ठिकठिकाणच्या चित्रपट-महोत्सवांत सन्मानाने मिरवला. फ्रान्समध्ये त्याला 'मस्यू कॅनिबल' म्हणत. मुलाखतींत तो कधी म्हणे, ती जनावरं तिथल्या लोकांनी नाहीतरी खाल्लीच असती. आणि कधी कबूल करी, की ती जनावरं चित्रपटात आणायलाच नको होती. २९ डिसेंबर २०२२ रोजी तो रोममध्ये वारला. या खेपेला कुणी शंका घेतली नाही.

आता शेवटची नोंद. जनावरांचा छळ करून घेतलेली दृश्यं दाखवायची नाहीत, असा इंग्लंडमध्ये १९३७ चा एक कायदा आहे. २००१ साली तिथल्या सेन्सॉरने हा चित्रपट सुमारे सहा मिनिटं कापून पास केला. २०११ साली त्यांनी पुन्हा तपासला. माणसांवरचं जे काही होतं ते सगळं राहू दिलं. ते खोटंच होतं. बाकीची जनावरं पटकन मेली, म्हणून तीही राहू दिली. कापले फक्त पंधरा सेकंद. ते कोआटीचे. कोआटी म्हणजे लांब नाकाचं, पट्टेरी शेपटीचं, मांजराएवढं एक जनावर. ते लवकर मेलं नव्हतं.

नट चौघं होती, त्यांचा हयातीचा दाखला वर्षाच्या आत मिळाला. या जनावराच्या मृत्यूचा दाखला मिळायला एकतीस वर्षं लागली.